कोरड्या उन्हाळ्यातला वाफा आणि शेजारचे काका

ताई, आमच्या सामायिक बागेत मला यंदा पहिल्यांदाच एक वाफा मिळाला. टोमॅटो, वांगी, मिरच्या, घेवडा, काकडी, भोपळा, पालक, कोथिंबीर, हौसेने सगळंच लावलं. लागवडीखालची जागा साधारण 30 चौरस मीटर आहे. आणि नेमका उन्हाळा इतका कोरडा निघाला की कित्येक आठवडे पावसाचा थेंब नाही. समितीने रबरी नळी लावायला बंदी केली आहे. माणशी एकाआड एक दिवस 10 लिटरच्या 10 झाऱ्या, एवढंच पाणी ठरवून दिलंय. संध्याकाळी नळापाशी सगळे जमतात आणि प्रत्येकाचं सांगणं वेगळं. कुणी म्हणतं रोज थोडं घाल, कुणी म्हणतं आठवड्यातून एकदाच घाल, कुणी बजावतं की उन्हात घातलंस तर पानं भाजतील.

शेजारच्या वाफ्यातले काका फार मायाळू आहेत. मला कामामुळे उशीर होतो, म्हणून ते रोज स्वतःच्या वाट्याचं पाणी माझ्या झाडांवर शिंपडतात. तरीही टोमॅटो खालून काळे पडताहेत, घेवड्याची फुलं गळताहेत, पालकाला तुरे आले. त्यातच पाण्याच्या मीटरचा आकडा अचानक वाढलेला दिसला आणि बागेच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "काही जण अंधारात येऊन पाणी भरतात." अंधार पडल्यावर येणारी मी एकटीच आहे. तेव्हापासून नळापाशी जायचंच नको वाटतं. वाफा परत करून टाकू का?
– एक वाचक

---

वाफा परत करू नका. त्यातला मोठा भाग मात्र यंदापुरता सोडून द्या, आणि हा निर्णय या आठवड्यातच घ्या. कोरड्या उन्हाळ्यात नवख्या माणसाची दमछाक होते ती पाणी कमी असल्यामुळे जितकी, तितकीच सगळं जगवायचा हट्ट धरल्यामुळे. तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की तुमच्याकडे हिशेब मांडण्यापुरती सगळी माहिती आहे, फक्त तो कुणी मांडून दिलेला नाही. तर आधी तोच मांडू.

एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाच्या, कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत पानांनी भरलेला वाफा दिवसाला साधारण 5 मिलिमीटर पाणी उडवतो, काही पानांतून तर काही मातीतून. म्हणजे तुमच्या 30 चौरस मीटरला रोजचे 150 लिटर लागणार, दोन दिवसांचे 300. तुम्हाला दोन दिवसांत मिळतात 100. पाण्याच्या तिप्पट लागवड आहे तुमच्याकडे, आणि हे गणित कितीही माया केली तरी बदलत नाही. 100 लिटर सगळीकडे सारखे वाटले की कुठल्याच झाडाला पुरत नाहीत. सगळी झाडं जगतात, पण फळ एकही धरत नाही, अशी ती अवस्था असते.

म्हणून 10 चौरस मीटर निवडा. काय ठेवायचं ते मी सांगते, पण शेवटचा शब्द तुमचा, कारण खाणारं घर तुमचं. टोमॅटो, वांगी, मिरच्या ठेवा. त्यांची मुळं खोल जातात, आणि त्यांनी आता फळ धरायला सुरुवात केली असेल, तेव्हा तुमची इतक्या दिवसांची मेहनत त्यांच्यात आहे. भोपळ्याचे वेल दोन-तीन असतील तर सर्वांत जोमदार एक ठेवा. काकडीला पाणी खूप लागतं आणि ताण पडला की फळ कडू होतं, म्हणून एखादाच वेल ठेवा किंवा एकही नको. पालक आणि कोथिंबीर आता काढाच. एकदा तुरा आला की पानं राठ आणि कडवट होतात, कितीही पाणी घातलं तरी ती परत कोवळी होत नाहीत. हवं तर कोथिंबिरीची दोन झाडं धण्यांसाठी राहू द्या. बाकीची उपटून तिथेच मातीवर पसरा, झाकणाला उपयोगी पडतील. घेवड्याचा निर्णय अवघड आहे हे मी मान्य करते. फुलं गळतात ती नुसत्या तहानेने नव्हे, उष्णतेनेही. दुपारचा पारा 35 अंशांच्या वर राहिला आणि रात्रीही हवा निवली नाही की परागीभवन नीट होत नाही आणि झाड फुलं टाकून देतं. टोमॅटोचंही तसंच आहे. तेव्हा फुलं गळाली म्हणजे तुमचं काही चुकलं असं समजू नका. घेवड्याची एक ओळ ठेवून बाकीच्या काढल्या तरी चालेल. हवा निवली की ती ओळ पुन्हा फुलते.

आता पाणी कसं द्यायचं. नळापाशी जो "रोज थोडं" सांगतो आणि जो "क्वचित पण भरपूर" सांगतो, त्यांच्यात दुसऱ्याचं म्हणणं खरं आहे, पण त्यालाही अपवाद आहे. रोज झारीभर शिंपडलं की वरची दोन बोटं माती ओली होते, दुपारपर्यंत ते पाणी उडून जातं, आणि मुळंही त्या वरच्या थरातच घुटमळत राहतात. एक दिवस खंड पडला की झाड मान टाकतं. त्याऐवजी 10 चौरस मीटरचे दोन भाग करा आणि तुमच्या पाळीच्या दिवशी सगळ्या 10 झाऱ्या एकाच भागाला द्या. पुढच्या पाळीला दुसरा भाग. म्हणजे प्रत्येक भागाला दर चार दिवसांनी 20 मिलिमीटर पाणी मिळेल आणि ते खाली मुळांपर्यंत उतरेल. अपवाद आहे तो नुकत्याच लावलेल्या रोपांचा आणि उगवत्या बियांचा. त्यांची मुळंच वर असतात, त्यांना थोडं थोडं रोज हवं.

पाणी पानांवर नको, बुंध्याशी आळं करून त्यात ओता. झारीची चाळणी काढून टाका. माती फार सुकली असेल तर ती पाणी आत घेत नाही, पाणी नुसतं घरंगळून बाजूला जातं. अशा वेळी आधी अर्धी झारी द्या, पंधरा-वीस मिनिटं दुसरं काम करा, मग उरलेलं द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खुरप्याने बाजूला वीतभर उकरून बघा. खाली ओल लागली तर ठीक, नाही लागली तर भाग आणखी लहान करा. नळापाशी कुणी काहीही सांगो, खरी परिस्थिती त्या वीतभर खड्ड्यात कळते.

पाणी दिल्यावर लगेच माती झाका. सुकं गवत, पालापाचोळा, उपटलेल्या पालकाचा चोथा, जे असेल ते चार बोटं जाडीचा थर होईल एवढं पसरा. बुंध्याला टेकू देऊ नका. क्रम महत्त्वाचा आहे: आधी पाणी, मग आच्छादन. कोरड्या मातीवर आच्छादन घातलं तर ते कोरडेपणच जपून ठेवतं. बी धरलेलं गवत वापरू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तण काढत बसाल. आच्छादन नीट झालं तर त्याच पाण्यात 10 ऐवजी 12-13 चौरस मीटर सांभाळता येतील, मग घेवड्याची आणखी एक ओळ वाचेल.

उन्हात पाणी घातलं तर पानं भाजतात ही समजूत मी फार ठिकाणी ऐकते. गुळगुळीत पानांवर थेंबांमुळे उन्हाने डाग पडत नाहीत, हे हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रयोग करून दाखवलं. दुपारी पाणी न घालण्याचं कारण साधं आहे: त्यातलं बरंचसं उडून वाया जातं. पण झाड खरोखर मरायला टेकलं असेल तर संध्याकाळची वाट बघू नका, भर दुपारीही बुंध्याशी पाणी द्या. आणि भोपळ्याची पानं दुपारी लोंबली म्हणून घाबरून झारी उचलू नका. मोठी पानं उन्हात तशी पडतातच आणि संध्याकाळी परत उभी राहतात. सकाळी पान लोंबलेलं दिसलं तर ती तहान समजा.

टोमॅटो खालून काळे पडण्याबद्दल तुम्हाला नळापाशी दहा औषधं सांगितली गेली असतील. तो रोग नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून ते होतं, आणि कॅल्शियम फळात जातं ते पाण्याच्या वाहण्याबरोबर. पाणी कधी आहे, कधी नाही, अशी ओढाताण झाली की टोक काळं पडतं. मातीत कॅल्शियम बहुधा पुरेसं असतं, कमी असतं ते सातत्य. काळी फळं तोडून टाका म्हणजे झाड त्यांच्यावर शक्ती घालवणार नाही. पाणी नियमित झालं की नवी फळं चांगली येतील. या दिवसांत खत मात्र अजिबात घालू नका, सुक्या मातीत खताचे क्षार मुळांना भाजतात. पानांच्या मागे बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके दिसले तर तो लाल कोळी. कोरड्या उष्ण हवेत तो फोफावतो. त्या पानांच्या खालच्या बाजूला सकाळी थोडं पाणी फवारा. पानांवर पाणी मी फक्त एवढ्यासाठीच सांगेन.

आणि आता काका. तुमच्या पत्रातला हा भाग मी दोनदा वाचला. तुम्हाला त्यांना दुखवायचं नाही, आणि ते जे करताहेत त्याने तुमच्या झाडांचं भलं होत नाही, वर त्यांच्या स्वतःच्या वाफ्याला पाणी कमी पडतं. हे तुम्हाला कळतं, म्हणूनच गप्प राहणं तुम्हाला जड जातंय. गप्प राहू नका. पण "काका, तुम्ही चुकीचं पाणी घालताय" असंही नको. त्यांना एक नेमकं काम द्या. उद्या त्यांच्याशी बोलताना असं म्हणता येईल:

"काका, तुम्ही माझ्या झाडांकडे बघता म्हणून मला किती धीर आहे. पण तुमच्या वाट्याचं पाणी माझ्याकडे नको. मी दोन मडकी पुरणार आहे. मी नसेन त्या दिवशी त्यांच्यात पाणी आहे का, एवढं बघाल? कमी असेल तर माझ्या वाट्यातली भरून ठेवलेली झारी तिथेच असेल."

मडकं हे निमित्त म्हणून सुचवत नाहीये, ते खरंच कामाचं आहे. आतून-बाहेरून चकाकी न दिलेलं, रंग न लावलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाण्याने भरायचं, तोंडावर झाकण ठेवायचं. माती सुकली की ती मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढून घेते, ओली असली की कमी ओढते. भोवती हातभराच्या आत लावलेल्या मिरच्या-वांग्यांची मुळं आपोआप तिकडे वळतात. इसवी सनाच्या आधीच्या शतकातल्या एका चिनी शेतीग्रंथातही वेलांसाठी अशी मडकी पुरायची पद्धत नोंदवलेली आहे. झाकण विसरू नका, नाहीतर डास होतात आणि पाणीही उडतं. मोठ्या झाडांजवळ पुरताना मुळं तुटणार नाहीत इतक्या अंतरावर खड्डा घ्या. आणि काकांना मडकं भरायला दिलंत की शिंपडणं आपसूक थांबेल, कारण त्यांचा हात कामाला लागलेला असेल.

याच बोलण्यात आणखी एक गोष्ट काढा, आणि ती मला झाडांहून मोठी वाटते. काका तुमच्या झाडांना पाणी घालायला दिवसाच्या कुठल्या वेळी येतात? वय झालं की तहान कमी जाणवते. शरीराला पाणी हवं असतं, पण माणसाला प्यावंसं वाटत नाही. उन्हाच्या वेळी वाकून झाऱ्या उचलणं त्यांना झेपेलच असं नाही. त्यांनी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच यावं, बरोबर प्यायचं पाणी आणावं, भरलेली झारी अर्धीच करून न्यावी, हे हक्काने सांगा. चक्कर, डोकेदुखी, मळमळ वाटली तर काम टाकून सावलीत बसायचं आणि कुणाला तरी हाक मारायची, हेही. जो माणूस न सांगता तुमच्या वाफ्याकडे बघतो, त्याच्याकडे तुम्ही बघणं हे शेजारधर्मातच येतं. एकमेकांचे फोन नंबर घेऊन ठेवा.

राहिला तो मीटरचा आणि ग्रुपचा विषय. तुमचं नाव कुणी घेतलेलं नाही, तरी तुम्हाला ते लागलं, हे साहजिक आहे. ग्रुपवर खुलासा लिहू नका. लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो, तुमचं साधं स्पष्टीकरणही भांडणासारखं वाचलं जाईल आणि रात्रभर उत्तरं येत राहतील. त्यापेक्षा नळापाशी, सगळे असताना, एक प्रस्ताव मांडा: "मीटरचा आकडा वाढलाय, तर आपण एका रात्री सगळे नळ बंद करून मीटर वाचू आणि सकाळी परत वाचू." मधे कुणी पाणी वापरलं नसताना आकडा पुढे गेला तर गळती आहे. आणि मला गळतीचीच शंका जास्त वाटते. चिकण माती सुकली की आक्रसते, भेगाळते, आणि जमीन हलली की जमिनीखालच्या पाइपांचे सांधे ढिले होतात. कोरड्या वर्षांत असं घडतं. जिथे इतर सगळीकडे गवत करपलं आहे आणि एकाच ठिकाणी हिरवं आहे, तिथे आधी बघा. नळाची चकतीही तपासा. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसभरात बादलीभर पाणी घालवतो.

समजा गळती निघाली नाही. तरी नळाजवळ एक वही टांगायची, पाणी घेणाऱ्याने वेळ आणि झाऱ्या लिहायच्या, असं तुम्हीच सुचवा, आणि पहिली नोंद तुमची करा. कुणावर पाळत ठेवायला ही वही नको. उन्हाळा संपल्यावर पुढच्या वर्षीचं वाटप ठरवायला आकडे हाती असतात, आणि उशिरा येणाऱ्यांनाही संशयाखाली राहावं लागत नाही. सगळ्यांनाच संध्याकाळी पाचला येता येत नाही, हेही समितीसमोर बोललं पाहिजे. कामावरून येणाऱ्यांसाठी एखादा तास राखून ठेवा म्हणून मागणी करा. तुमच्यासारखे आणखी दोघे-तिघे असतील, ते बोलत नाहीत इतकंच.

नळापाशी जाणं मात्र सोडू नका. मला माहीत आहे, तिथे गप्पांबरोबर टोचणारं बोलणंही होतं, आणि दमून आल्यावर ते ऐकायची ताकद नसते. पण बागेतलं खरं ज्ञान तिथेच फिरत असतं: कुणाची कोणती जात तग धरते आहे, कुणाच्या मातीत ओल टिकते, कुणाकडे जादा गवत आहे, कुणी गावाला जाणार म्हणून त्याच्या वाट्याच्या झाऱ्या आठवडाभर कुणी वापराव्यात. हे सगळं बोलूनच कळतं. ऐकून घ्या, मान डोलवा, आणि घरी जाऊन वीतभर उकरून बघा. तुमच्या वाफ्याला लागू पडेल ते घ्या. कुणाचा सल्ला मानला नाही म्हणून कुणी वैरी होत नाही.

घरून पाणी नेणार असाल तर भाज्या, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी उत्तम, फक्त ते मिठाचं नको. साबणाचं पाणी कच्च्या खायच्या पालेभाज्यांना कधीच नको, आणि धुण्याच्या पावडरीचं तर कशालाच नको, त्यातल्या सोडियमने माती बिघडते. असं वापरलेलं पाणी साठवून ठेवू नका, त्याच दिवशी संपवा. पिंप ठेवत असाल तर घट्ट झाकण किंवा बारीक जाळी हवीच. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला अशा उष्णतेत आठवडा-दहा दिवस पुरतात.

सोडून दिलेल्या जागेचं काय करायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण उद्या पडेल. ती उघडी ठेवू नका. तण असेल तर बी धरायच्या आधी वरवर खुरपून काढा, खोल खणू नका, खणलं की खालची ओल वर येऊन उडते. मग पुठ्ठे, गोणपाट, पाला, काहीही घालून झाका. तिथे आत्ता काही पेरायचा मोह झालाच तर एक लहान ओळ पेरा: आधी चरीत भरपूर पाणी ओतून ते मुरू द्या, मग बी टाका, वरून सुकी माती ओढा आणि उगवेपर्यंत गोणपाट टाकून ठेवा. वरून रोज पाणी घातल्याने मातीवर जी खपली धरते, ती अशाने धरत नाही.

पाऊस येणार अशी चिन्हं दिसली तर पिकत आलेले, रंग धरलेले टोमॅटो आदल्या दिवशीच काढून घ्या. कोरड्यात राहिलेल्या झाडाला एकदम पाणी मिळालं की ती फळं तडकतात. घरात ठेवली तरी ती नीट पिकतात. आणि एका सरीवर विसंबून झाऱ्या बंद करू नका, आधी उकरून बघा. जोरदार वाटणारी सर पुष्कळदा पाच मिलिमीटरचीच असते, आणि ती तुमच्या आच्छादनाखाली पोचलेलीही नसते.